लतीफचाचांची नजर

हे आजवर माझ्या तोंडून कुणापुढं निघालेलं नाही. बायकोपुढं नाही, लेकरांपुढं नाही. दोन-तीनदा जिभेपर्यंत आलं होतं — एकदा तर शब्दही जुळवून ठेवले होते — पण नेमका तेव्हा समोरच्यानं चहाचा कप पुढं केला आणि मी तो घेतला. इतकं सोपं असतं न सांगणं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय असं समजा. किंवा थकलोय म्हणून. एखादी गोष्ट पोटाशी धरून चालत राहायचं आणि खाली ठेवायला जागा म्हणून सापडायची नाही — किती वर्षं चालणार माणूस?

आधी माझं काम सांगायला पाहिजे. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. रेल्वे फाटकाच्या अलीकडं आमचं दोन खोल्यांचं घर, आणि घरापुढं पत्र्याचं शेड. शेडमध्ये मी गाड्यांचं कुशनचं काम करायचो — सीटची कव्हरं शिवायची, छताचा फाटलेला कपडा बदलायचा, दारांना रेक्झिन लावायचं. हळूहळू लोक म्हणायला लागले, माधव, सीट तर नवी झाली, पण आतलं प्लास्टिक जुनंच दिसून राहिलं. ते खरंच होतं. दाराच्या मुठी, हवेच्या जाळ्या, पुढच्या कप्प्याचं झाकण — सगळं पांढुरकं नाहीतर करडं, उन्हानं पिवळं पडलेलं. मी मग स्प्रेनं रंग मारायला लागलो. गाडी न्यायला आलेला माणूस खूश व्हायचा. दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस परत यायचा आणि काही न बोलता दाराच्या मुठीवरून नख फिरवायचा. पापुद्रा निघायचा. आमच्याकडचा उन्हाळा, घामेजलेले हात — वरवरचा रंग टिकणार कसा?

हे सगळं मी एकदा लतीफचाचांपुढं बोललो. वैतागून बोललो, उपाय विचारायला म्हणून नाही.

लतीफचाचा आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे. कापड रंगवायचा त्यांचा पिढीजात धंदा. फेटे, ओढण्या, साडीला जुळणारं अस्तर, विटलेली साडी पुन्हा नेसण्यासारखी करून देणं — हिंगोलीतल्या कितीतरी बायकांनी त्यांच्या हातचे रंग अंगावर घातले असतील. साठीच्या आसपासचे, बारीक, पांढरी दाढी, आणि दहाही बोटांची नखं कुठल्या ना कुठल्या रंगाची. चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि त्यांची लेक शमीम, दोघंच. तयार कपड्यांची दुकानं गल्लोगल्ली झाली तसं त्यांच्याकडचं काम ओसरत चाललं होतं, पण त्याबद्दल ते कधी तक्रार करताना मी ऐकलं नाही.

माझं ऐकून ते आत गेले आणि पत्र्याची डबी घेऊन आले. डबीत गुंड्या होत्या. जुन्या सदऱ्यांच्या, शेरवान्यांच्या. त्यातली एक निळी गुंडी त्यांनी पानाच्या अडकित्त्यानं कापली आणि माझ्या तळहातावर ठेवली. आतूनही निळी.

"ही पांढरी होती," ते म्हणाले. "टेरिकॉटचा सदरा रंगवताना काढायची राहिली. तू वरून लावून राहिला, माधव. आत गेला पाहिजे रंग. उकळत्याच्या जरा अलीकडं पाणी ठेवायचं, मग प्लास्टिक ढिलं होतं, रंग पिऊन घेतं."

त्या डबीपासून आमचं काम सुरू झालं. महिनाभर आम्ही दोघं लहान पोरांसारखे खेळलो. भंगारातून प्लास्टिकचे तुकडे आणायचे, साबणानं घासायचे, कुसुमच्या — माझ्या बायकोच्या — मोठ्या जर्मनच्या पातेल्यात पाणी तापवायचं, टेरिकॉटच्या रंगाची पूड विरघळवायची आणि तुकडे बुडवून काडीनं फिरवत बसायचं. काही प्लास्टिक रंग घ्यायचंच नाही. बोटांना जरा मेणासारखं लागतं ते. काही घ्यायचं, आणि असं घ्यायचं की पुढं नख घासा, पत्रा घासा, हलायचं नाही. एक झाकण तर पाणी जास्त तापल्यानं पापडासारखं वाकडं झालं आणि चाचा इतके हसले की खोकल्याची उबळ आली त्यांना. पातेलं काही कुसुमनं पुन्हा स्वयंपाकघरात घेतलं नाही.

फिक्याचं गडद करता येतं, गडदाचं फिकं नाही — एवढा एक नियम. बाकी सगळं चाचांच्या डोळ्यांत. खरंच सांगतो, त्यांच्याकडं वजनकाटा नव्हता, थर्मामीटर नव्हता. पातेल्याच्या तळाशी मोहरीएवढे बुडबुडे आले की सामान टाकायचं. बुडबुडे ज्वारीएवढे व्हायला लागले की स्टोव्हची हवा थोडी सोडायची. आणि रंगाचा अंदाज — पांढऱ्या मलमलीचा धडपा पाण्यात बुडवायचा, पिळायचा, सावलीत धरायचा आणि बघायचं. बस. सहा महिन्यांपूर्वी रंगवलेल्या मुठीला जुळणारी दुसरी मूठ ते पहिली मूठ समोर नसताना करून द्यायचे. मी दोन्ही शेजारी ठेवून बघायचो. कुठली आधीची, कुठली आताची, मला सांगता यायचं नाही.

बोलबाला झाला. कळमनुरी, वसमत, नर्सी, पार बाळापूरच्या लोकांच्या गाड्या माझ्या शेडपुढं उभ्या राहायला लागल्या. लोक विचारायचे, रंगाचे चाचा आहेत का? तेव्हा मला ते आवडायचं. निदान मला तसं वाटायचं.

आता त्या दिवसाचं सांगतो.

एक डॉक्टर होते, ढोरांचे. निवृत्तीला आलेले, सरळ माणूस. त्यांनी जुनी व्हॅन घेतली होती आणि आतलं सगळं पांढुरकं प्लास्टिक त्यांना डाळिंबी करून हवं होतं. सीटचं रेक्झिनही डाळिंबी. गाडी सकाळी लावून गेले, संध्याकाळी न्यायला येतो म्हणाले. चावी माझ्याकडं.

सामान बरंच होतं, एका पातेल्यात मावणारं नव्हतं. सकाळी चाचांनी अर्धं रंगवलं. काय रंग आला होता — पिकून तडकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा. मी ते वाळवून गाडीला लावलंही. राहिलेल्या अर्ध्याला दुपारी सुरुवात झाली.

आता इथं मला जी गोष्ट सांगायची आहे ती इतकी क्षुल्लक आहे की सांगायलाही लाज वाटते. मी कुसुमला सकाळी म्हटलं होतं, आज तुला गाडीतून नर्सीला नेऊन आणतो. पुढच्या सीटवर बस. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, माझ्या शेडमधून इतक्या गाड्या गेल्या, पण ती कधी कुठल्या गाडीत पुढं बसली नव्हती. डॉक्टर यायच्या आत जाऊन येऊ, कुणाला कळणार आहे? ती तयार झाली होती. हिरवी साडी नेसून, गजरा माळून, आतल्या दारात येऊन दोनदा बघून गेली. आणि पातेल्यातलं सामान काही होईना. रंग सावकाश चढत होता, चढतो तसाच.

चाचा असरच्या, दिवस कलतानाच्या नमाजाला उठले. मशीद गल्लीबाहेरच. जाताना मला म्हणाले, "आच वाढवू नको. मी येईस्तोवर नुसतं फिरवत राह्य."

मी फिरवत राहिलो. किती वेळ? पाच मिनिटं असतील. मग मी स्टोव्हला पंप मारला. सात-आठ वेळा, जोरात. आणि पुडीतली आणखी अर्धा चमचा पूड पातेल्यात टाकली. लवकर चढेल म्हणून.

एवढंच केलं मी. ते परत येताना गल्लीत दिसले तेव्हा स्टोव्हची हवा सोडली आणि काडी हातात घेऊन बसलो.

चाचांनी वाकून पातेल्यात पाहिलं. एक जाळी चिमट्यानं उचलली. तिच्यावरून पाणी निथळेपर्यंत तशीच धरून ठेवली. त्यांच्या कपाळावर बारीक आठी पडली होती — ती आठी मला अजून दिसते.

"पूड एवढी टाकली होती का मी?"

"व्हय," मी म्हटलं. "तुमीच तर टाकली."

"धडप्यावर तर बराबर दिसला होता मला."

मी काडी फिरवत राहिलो.

वाळल्यावर सगळं उघडं पडलं. सकाळचं सामान डाळिंबी आणि दुपारचं — काय म्हणावं त्या रंगाला — जांभळासारखा काळपट, मेल्यासारखा. कप्प्याचं झाकण एका कोपऱ्यात उचललं गेलं होतं. ते बसेना. नर्सी राहिली बाजूला. कुसुमनं आत जाऊन साडी बदलली, मला काही विचारलं नाही. तिला स्टोव्हचा आवाज वाढलेला ऐकू गेला असेल का? आमचं घर दोन खोल्यांचं. गेलाच असणार. पण तो विषय तिनं कधी काढला नाही, आणि मीही नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले. चाचा शेडच्या पायरीवर बसले होते, मांडीवर ती जाळी. डॉक्टरांनी दार उघडलं, बघितलं, आणि साधंच विचारलं, की हे दोन वेगळे रंग कसे काय झाले?

मी तेव्हा काहीही म्हणू शकलो असतो. माझ्या हातून आच जास्त झाली म्हटलं असतं तर काय झालं असतं? काहीच नाही. ते म्हणाले असते, बरं, आता काय करता? मला फार तर खाली मान घालायला लागली असती, आणि तीही घटकाभर. पण मी म्हणालो —

"चाचांचं वय झालं आता, साहेब. नजर पहिल्यासारखी साथ देत न्हाई."

चाचा तिथंच बसलेले. चार हातांवर. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही, डॉक्टरांकडं पाहत बोललो. ते रागावतील, उठतील, म्हणतील माधव काय बोलून राहिला — मी वाट बघत होतो. आवाज आला नाही. शेवटी बघावंच लागलं. ते हातातली जाळी डोळ्यांजवळ नेत होते, लांब नेत होते, पुन्हा जवळ आणत होते.

आणि डॉक्टर? डॉक्टर हसले. म्हणाले, मग सगळंच काळं करून टाका, मला काय, धूळ दिसली नाही म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळं काढून पुन्हा काळ्यात बुडवलं. झाकण मी भंगारातून दुसरं आणलं. डॉक्टर गाडी घेऊन गेले आणि पुढं चार जणांना त्यांनी माझं नावही सांगितलं.

तुम्ही म्हणाल, एवढंच? घाईत चूक झाली, भीतीपोटी तोंडातून निघून गेलं, कुणाच्याही निघतं. तसंच असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. एवढं मी सहन करू शकलो असतो. खरी गोष्ट अजून आली नाही. तिच्याजवळ यायला मला वेळ लागतो — बघा ना, किती लांबून आणलं तुम्हाला.

त्यानंतर चार-पाच दिवस चाचा शेडकडं आले नाहीत. मग एका सकाळी आले. उन्हं नुकती अंगणात उतरली होती. त्यांच्या दोन्ही हातांत मलमलीचे दोन धडपे होते, डाळिंबीच रंगवलेले. म्हणाले, दोन वेगवेगळ्या पातेल्यांत दोन वेगवेगळ्या वेळी रंग कालवला, एकाकडं बघून दुसरा केला नाही. मला तर दोन्ही सारखेच दिसून राहिले. शमीमला विचारलं तर ती म्हणते सारखेच आहेत, पण लेक आहे, बापाचं मन राखायला काहीही म्हणेल.

"तू सांग," ते म्हणाले. "तुला कळतं आता रंगातलं. मला खरं सांग."

त्यांनी धडपे पुढं धरले. सावलीत, जसे ते नेहमी धरायचे.

ते सारखे होते. केसाएवढाही फरक नव्हता. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलंय — प्रकाश कमी होता का, एकाची घडी पडली होती का, मला खरंच शंका आली होती का? नाही. एकाच पातेल्यातून निघाल्यासारखे दोन तुकडे.

मी त्यांच्या उजव्या हातातला धडपा बोटानं दाखवला आणि म्हटलं, "ह्यो जरा काळपट हाय, चाचा."

घाई नव्हती तेव्हा. डॉक्टर नव्हते, कुसुम वाट बघत नव्हती, मला कुठं जायचं नव्हतं. सकाळची वेळ होती आणि माझं डोकं स्वच्छ होतं. सारखे आहेत म्हटलं असतं तर त्यांनी पुढं विचारलं असतं की मग त्या दिवशी काय झालं होतं. म्हणून म्हटलं का? त्यासाठीच. पण तेवढ्यासाठीच नाही. त्या संध्याकाळी मी ते वाक्य बोलल्यानंतर डॉक्टर चाचांना सोडून माझ्याशी बोलायला लागले होते. रंग कुठला, किती दिवस टिकेल, सगळं मला विचारलं. माझ्या शेडमध्ये पहिल्यांदा कुणी रंगाबद्दल मला विचारत होतं. आणि मला ते गोड लागलं होतं.

चाचांनी उजव्या हातातला धडपा डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला. मग दोन्ही धडप्यांची एकत्र घडी घातली.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं."

त्या दिवसापासून लतीफचाचांनी रंगाच्या पाण्यात हात घातला नाही.

बायका अस्तर घेऊन यायच्या त्यांना ते दारातूनच परत पाठवायचे. नजर गेली बाई, उगाच तुमचा कपडा खराब होईल. मोठा हंडा, चिमटे, काड्या, पुड्यांची पेटी — सगळं त्यांनी माझ्या शेडमध्ये आणून ठेवलं. मी नाही म्हटलं नाही. शमीमनं त्यांना डोळ्यांच्या शिबिराला नेलं होतं. तिनं मला रस्त्यात थांबवून सांगितलं, की तपासणारे डॉक्टर म्हणाले वाचायचा चष्मा लागेल, बाकी या वयाच्या मानानं डोळे उत्तम आहेत. मी म्हटलं, असं व्हय. ती म्हणाली, "पण अब्बा मानत न्हाईत. म्हणतात, डॉक्टरला अक्षरं कळतात, रंग कळत न्हाईत." ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी समजावलं तर अब्बा ऐकतील असं तिला वाटत असणार. मी म्हटलं, बघतो बोलून.

बोललो नाही.

चाचा नंतरही शेडमध्ये यायचे, रोज. पण काम काय करायचे, तर प्लास्टिक निवडायचे. आलेला तुकडा नखानं वाजवायचे, अंगठा फिरवायचे आणि हे रंग घेईल, हे घेणार नाही, असे दोन ढीग लावायचे. डोळे मिटून. मिटायची काही गरज नव्हती, पण ते मिटायचे. हात अजून चालतात, म्हणायचे. आलेल्या माणसाला सांगायचे, माधवला विचारा, त्याची नजर पक्की आहे. आणि मी तिथं पातेल्यापाशी उभा. माझ्या रंगात चूक व्हायची. पहिल्यांदा फार व्हायची. जुळणारा रंग मला कधी धड जमला नाही. मी लोकांना काळ्याकडं वळवायला शिकलो, काळ्यात काही जुळवावं लागत नाही. दोन-तीन वर्षांत हिंगोलीतल्या अर्ध्या गाड्या आतून काळ्या झाल्या असतील.

हिंगोली जिल्हा झाला. गाड्या वाढल्या. शेडला मी पक्क्या भिंती घातल्या. चाचांच्या बसायच्या जागेवर खुर्ची ठेवली, गादी शिवून. मला वाटलं होतं, त्यानं बरं वाटेल. कुणाला, ते विचारू नका.

मग शमीमचं लग्न ठरलं. आखाडा बाळापूरचा मुलगा, घरचं किराणा दुकान. लग्नाच्या आठवडाभर आधी चाचा पांढऱ्या कापडाची घडी घेऊन माझ्याकडं आले. ओढणी होती. त्यांच्या घरात रीत होती म्हणे — लेकीच्या निकाहची ओढणी बापानं स्वतः रंगवायची. त्यांच्या बहिणींच्या ओढण्या त्यांच्या वडिलांनी रंगवल्या होत्या.

"तू कर," ते म्हणाले. "माझ्या हातून वेगळा रंग निघाला तर पोरगी जन्मभर काही बोलणार न्हाई, पण मला कळेल."

तिथं सांगता आलं असतं. याहून सरळ वाट कुणाला मिळते? एक वाक्य होतं — चाचा, तुमचे डोळे चांगले आहेत, मी खोटं बोललो होतो. त्यांनी मला मारलं असतं, थुंकले असते, गल्लीत सगळ्यांना सांगितलं असतं. पण त्यांनी ओढणी स्वतः रंगवली असती.

मी घडी हातात घेतली.

रंगवायला त्यांच्या अंगणातच बसलो, त्यांचाच हंडा शेडमधून परत नेऊन. लाल हवा होता. चाचा माझ्याकडं पाठ करून ओट्यावर बसले, तोंड भिंतीकडं. मी ओढणी काढली, पिळली, दोरीवर टाकली. ते उठून जवळ आले. सावलीतल्या भागात कापडाचा काठ बोटांत धरला.

"फिका वाटून राहिला जरासा," ते म्हणाले. आणि लगेच, "पण माझं नको ऐकू. तुला दिसतो तसा ठेव."

ते आत गेले. मी ओढणीकडं पाहिलं. फिकी होती. ते म्हणेपर्यंत मला दिसलं नव्हतं, म्हटल्यावर दिसलं. मी ती दोरीवरून काढली, पुन्हा हंड्यात सोडली, आणखी थोडी पूड घातली आणि पुरेशी झाल्यावर वाळत घातली. सगळे म्हणाले, काय सुंदर लाल आला. चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ते बरोबर बोलले होते, म्हणून मी परत बुडवली — एवढंसुद्धा मी त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतर ते चारेक वर्षं होते. शेवटी थंडीच्या दिवसांत न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत गेले. मी कबरस्तानात गेलो, माती दिली. मागं उभे असलेले लोक बोलत होते, काय हुनर होता म्हाताऱ्याकडं, पण डोळ्यांनी दगा दिला बिचाऱ्याला. मी ऐकलं. माझ्याकडं बघून एकानं मान हलवली. मीही हलवली.

शमीम अजून कधीमधी माहेरच्या गल्लीत येते. माहेर म्हणजे आता माझंच घर उरलंय तिला. चहा घेतल्याशिवाय जात नाही. तिची मुलं मोठी झालीत. त्यांना शेड दाखवते, हंडा दाखवते, सांगते की तुमच्या नानांनी मामूला हे काम शिकवलं, आणि नानांची नजर गेली तेव्हा मामूनंच त्यांना सांभाळून घेतलं. मुलं माझ्याकडं आदरानं बघतात. कुसुम कप गोळा करून आत जाते.

मी आता हे काम सोडलंय. गाड्यांचं प्लास्टिक आता काळंच येतं, रंगवायला कुणी आणत नाही. दिवस लांब असतो. बसून राहतो.

मला कुणाकडून काही नको आहे. माफ करायला जो माणूस पाहिजे तो नाही, आणि असता तरी मी मागितली नसती, हे मला माहीत आहे; तो असताना वर्षानुवर्षं मी मागितली नाहीच. जे झालं ते फक्त एकदा जसं झालं तसं लिहून ठेवायचं होतं.

दोन्ही धडपे सारखे होते. लतीफचाचांची नजर शेवटपर्यंत चांगली होती.